तळाशी लिहिलेलं नाव

जर्नलच्या नियमांत एकच ओळ ठळक छापलेली होती: हस्तलिखितात लेखकाची ओळख पटेल असं काहीही असता कामा नये.

आपला लेख पाठवण्याआधी थोरा लिंडने ती मोठ्याने वाचून बर्नीला ऐकवली. दोघं संग्रहालयाच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये होते. बर्नी एका पेटीचे स्क्रू काढत होता.

“म्हणजे राबायचं तू, आणि नाव कुणाचंच नाही?”

“छापताना येतं रे नाव. आधी दोन परीक्षक वाचतात, त्यांना कळू नये म्हणून काढायचं. नाव बघून लोक भेदभाव करतात ना.”

“आपल्याशी कोण करणार भेदभाव? त्यासाठी आधी नाव माहीत असावं लागतं.”

थोरा हसली. तेव्हा हसू येत होतं.

बावीस वर्षं ती विद्यापीठाच्या त्या संग्रहालयात वस्तू उचलत होती. पेट्या उघडायच्या, भिंतीवर माप धरायचं, चित्र टांगायचं, प्रदर्शन संपलं की सगळं परत पेटीत. शिक्षण बारावीपर्यंत. त्या वस्तूंवर पुस्तकं लिहिणारे विद्वान उद्घाटनाला यायचे, वाइनचा ग्लास धरून चार फुटांवर उभे राहायचे आणि चार फुटांवरून जेवढं दिसतं तेवढंच पुस्तकात लिहायचे.

डोलोरेस वुकेलिचची कलाकृती याच संग्रहालयाची होती. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींत जमिनीला भोक पाडताना दगडाचे लांब गोल तुकडे निघतात. वर्कशॉपमध्ये त्यांना दांडे म्हणत. वुकेलिचने असे साठ दांडे जमिनीवर ओळीने निजवले होते. बाईला जाऊन वीस वर्षं झाली. तिच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकच गोष्ट लिहिली: हे काम मूक आहे, यात माणूस नाही.

माणूस होता. दांडा उचलला की तळाशी दिसायचा. प्रत्येक दांड्याच्या खालच्या अंगाला तेलकट खडूने एकेक नाव लिहिलेलं होतं. मांडणीच्या सूचनांत वुकेलिचने लिहून ठेवलं होतं, “खूण खाली.” सगळ्यांना वाटलं, जुळवाजुळवीची खूण असेल. थोराने दर मांडणीच्या वेळी नावं वहीत उतरवली. सुट्ट्यांत गाडी घेऊन उत्तरेला गेली, युनियनच्या कचेरीतल्या जुन्या याद्या चाळल्या. साठच्या साठ सापडली. ती भोकं पाडणाऱ्या मजुरांची नावं. म्हणजे वुकेलिचचं काम बघणाऱ्यांसाठी नव्हतंच, उचलणाऱ्यांसाठी होतं. हे एक वाक्य सरळ उभं राहावं म्हणून थोराने दोन वर्षं लेख घासला.

घासायला मदत केली मेरेडिथ पाइकने. मेरेडिथ त्याच विद्यापीठात, संग्रहालयाच्याच इमारतीत कलेचा इतिहास शिकवायची. नऊ वर्षांची मैत्री. थोराच्या घटस्फोटात ती महिनाभर रोज फोन करायची, आणि मेरेडिथचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थोरा ओव्हनमध्ये भाजलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश भरून भांडी पोचवायची. त्या भागात सगळ्यांच्या भांड्यांच्या तळाला चिकटपट्टी असते आणि तिच्यावर नाव. चर्चच्या जेवणात भांडी एकमेकांत मिसळतात म्हणून. थोराच्या भांड्यांवर “लिंड” असायचं. मेरेडिथ ती घासूनपुसून परत करायची, एकदाही चुकली नाही.

“दांडे काय दांडे! लाकडं तोडायला निघालीस का?” मेरेडिथ लेख वाचताना म्हणाली होती. “सिलिंडर म्हण.”

“खाणीत कुणी सिलिंडर म्हणत नाही.”

“खाणीतले लोक जर्नल वाचत नाहीत, बाई.”

“म्हणूनच दांडे राहू दे.”

“किती गं हट्टी तू! एका ठिकाणी तरी?”

“बरं. आकृती सहाच्या खाली लिहिते सिलिंडर. झालं समाधान?”

झालं.

आता नाव काढायचं होतं. लेखात जागोजागी तिच्या वहीचे दाखले होते: लिंड, वही तीन, पान चाळीस. तिने कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या. एकतीस भरल्या. मेरेडिथला फोन लावला.

“हाताने काय खोडत बसलीस?” मेरेडिथ म्हणाली. “कॉम्प्युटरला सांग, लिंड शोध आणि त्या जागी कंसात ‘लेखक’ टाक. एका झटक्यात होईल.”

थोराने तसं केलं. पडद्यावर आलं: बत्तीस ठिकाणी बदल झाला.

“एक जास्त दाखवतोय गं.”

“मोजताना चुकली असशील. बरं ऐक, नाव, पत्ता, संस्था हे सगळं वेगळ्या पानावर असतं. ते पान परीक्षकांकडे जात नाही, फक्त संपादकाकडे जातं. तू दोन्ही मला पाठव. जर्नलच्या साइटवर माझं खातं आहे, मी चढवते. तुला संस्था विचारतील, पदवी विचारतील, कशाला डोकेफोड?”

थोराने दोन्ही पाठवली. बिननावाचा लेख एक, नावाचं पान एक.

हे झालं ऑक्टोबरात. मार्चमध्ये मेरेडिथ स्वतः वर्कशॉपमध्ये आली, कॉफी घेऊन. थोराच्या खांद्यावर हात ठेवला. “नाही घेतला गं. मनाला लावून घेऊ नकोस, माझेही पहिले चार लेख परत आले होते.”

“काय म्हणाले?”

“ते काही वाचू नकोस. उगाच रडशील.”

थोरा रडली नाही. वह्या खालच्या खणात ढकलल्या आणि आलेल्या पेट्या उघडायला लागली. घरी जाताना मेरेडिथसाठी भात-मशरूमचं सूप करून नेलं, कारण बातमी सांगताना ती बिचारी फार कसनुशी झाली होती.

मेमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि बर्नीने एक लिफाफा तिच्या बाकावर टाकला. “वरून आलाय. फोटोंची परवानगी मागतायत. वुकेलिचचे फोटो तूच काढलेस ना?”

पत्र त्याच जर्नलचं होतं. अमुक लेखासाठी आठ छायाचित्रं वापरायची आहेत, छायाचित्रकाराने सही करावी. सोबत छपाईआधीची प्रूफं, आकृत्यांखालच्या ओळी तपासण्यासाठी. लेखाचं नाव “खूण खाली”. लेखिका: डॉ. मेरेडिथ पाइक.

थोरा उभ्याउभ्या वाचत गेली. वाक्य तिचं, पुढचं वाक्य तिचं, त्याच्या पुढचंही तिचं. “मी उचलला” होतं तिथे “कामगारांनी उचलला” झालं होतं. वहीचे दाखले गेले होते, त्या जागी “संग्रहालयातील नोंदी”. सगळे दांडे सिलिंडर झाले होते. शेवटी आभारात संग्रहालयाच्या “तत्पर कर्मचारीवर्गा”चे आभार.

आकृती सहाशी ती थांबली. खाली छापलं होतं: “सि[लेखक]र क्रमांक चार, तळाकडून.” समासात संपादक बाईंनी लाल अक्षरांत विचारलं होतं: हा शब्द काय आहे? कृपया खुलासा करावा.

थोराने तो शब्द बोटाने झाकला, उघडला, पुन्हा झाकला. सि. लिंड. र. बत्तिसावी जागा. मशीनने सांगितलेलं इमानेइतबारे केलं होतं, शब्दाच्या पोटात शिरून तिचं नाव उपसून काढलं होतं. आणि मेरेडिथने दांडे शोधून शोधून बदलले, पण आकृतीखालची ओळ वाचायचे कष्ट घेतले नाहीत. चार फुटांवरचीच सवय.

ती प्रूफं घेऊन वर गेली. मेरेडिथच्या खोलीचं दार उघडंच होतं. कपाटावर सुपाचं भांडं होतं, धुतलेलं, पालथं घातलेलं, पट्टी वर.

“अगं ये ना! तुझं भांडं न्यायचं राहिलंय बघ…” मेरेडिथचं लक्ष प्रूफांकडे गेलं.

“परत आलेला लेख छापतात वाटतं तुमच्याकडे?”

“थोरा, दार लाव आधी.”

“का? कर्मचारीवर्ग ऐकेल?”

“मी सांगणार होते. खरंच.” मेरेडिथ खुर्चीतून अर्धी उठली. “हे बघ, तुझ्या नावाने पाठवला असता तर त्यांनी उघडूनही पाहिला नसता. वर्कशॉपमधली बाई, ना पदवी ना काही. माझ्या नावाने निदान वुकेलिचचं खरं जगापुढे येतंय. तुला तेच हवं होतं ना?”

“परीक्षकांनी तर नाव न बघताच घेतला. मीच खोडलं होतं ते, माझ्या हाताने.”

मेरेडिथ खुर्चीत परत बसली. मग ती खरं बोलली. “मला कायम करायचं की नाही, ते सप्टेंबरात ठरणार आहे. सहा वर्षांत माझं काही छापून आलं नाही गं. मला काढतील. तुला काय फरक पडतो? तुझी नोकरी तर पक्की आहे. तुला हा लेख नसता तरी चाललं असतं.”

थोराला वाटलं होतं आपण ओरडू. “मागितलं असतंस,” ती म्हणाली, “तर दोघींची नावं टाकली असती. तुझं पहिलं टाकलं असतं, मेरेडिथ. मी एवढी वेडी होते.”

“थोरा…”

“त्याऐवजी तू कॉफी घेऊन आलीस. खांद्यावर हात ठेवलास. आणि मी तुझ्यासाठी सूप केलं.” तिने कपाटावरचं भांडं काढलं, तळाची पट्टी मेरेडिथपुढे धरली. “दहा डॉलरचं भांडं आहे हे. नऊ वर्षं तू नाव वाचून परत करत आलीस. वाचता येतं तुला.”

“तू काय करणार आहेस?” मेरेडिथने विचारलं. आवाजात पश्चात्ताप नव्हता, हिशेब होता. थोराला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

थोरा भांडं घेऊन निघाली. खाली वर्कशॉपमध्ये येऊन परवानगीच्या कागदावर सहीच्या जागी आडवी रेघ मारली. मग खणातल्या वह्या काढल्या, वही तीनच्या चाळिसाव्या पानाचा फोटो घेतला, ऑक्टोबरात मेरेडिथला पाठवलेला लेख आणि नावाचं पान शोधलं, आणि संपादक बाईंच्या लाल प्रश्नाला उत्तर लिहायला घेतलं:

“तुम्ही विचारलेला शब्द सिलिंडर आहे. लेखाच्या लेखिकेचं नाव लपवण्यासाठी ते सगळीकडून काढून कंसात ‘लेखक’ टाकलं गेलं. या एका शब्दातूनही ते चुकून निघालं. कोणती अक्षरं निघाली ते बघा. पाइक हे नाव काढून तिथे असं भोक पडतं का, तेही करून बघा. माझं नाव थोरा लिंड. बाकी सगळीकडे मी दांडे लिहिलं होतं.”

सगळं जोडून पाठवलं. उत्तर येईल की नाही, आलं तर काय येईल, तिला माहीत नव्हतं. या लोकांचं एकमेकांशी फार जुळतं, एवढं मात्र माहीत होतं.

“एवढं काय लिहीत होतीस?” बर्नीने विचारलं.

“त्यांनी एक शब्द विचारला होता. तो दुरुस्त करून दिला.”

बर्नीने बाकावरचं पालथं भांडं बघितलं, पट्टीवरचं नाव वाचलं. “हे तरी दिलं तिने परत.”

“हो,” थोरा म्हणाली. “हे दिलं.”