खुडायचा राहिलेला फुटवा

१९६९ साली आमच्या वस्तीतल्या प्रत्येक परसातला पेरू बदलला, आणि तो माझ्या बाबांनी बदलला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आमचे पेरू लहान, आतून गुलाबी. एक पिकला की साऱ्या घराला वासानं कळायचं; पण दुसऱ्या दिवशी त्यावर डाग. परदेशात माल पाठवणाऱ्या कंपनीला पांढरा, कडक, बोटीत महिनाभर टिकणारा पेरू हवा होता. बाबा कलमं करायचे, त्यांच्या हाताला यश होतं. घरोघरची झाडं कमरेइतकी छाटून त्यांनी त्यांवर कंपनीच्या पेरूच्या काड्या बसवल्या. खाली बुंध्यावर जुन्या झाडाचे फुटवे येत, ते खुडायचं काम माझं. शेजारचे निवांतकाका तेवढे आपले फुटवे खुडू देत नसत. "राहू दे गं, नंतर बघू." बाबा चारचौघांत म्हणत, "या माणसाच्या अंगावरसुद्धा फुटवे येतील एक दिवस!" मी सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

आमच्या मागच्या दाराशी एक जुना पेरू उरला होता. आईनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं रोप. माहेरी त्या पेरूचं झाड आता नव्हतं. "याला हात लावायचा नाही," तिनं बजावलं होतं.

आजीच्या आजारपणात आई माहेरी गेली. कंपनीचा साहेब हसला, "काय हो, कलमवाल्याच्याच घरी जुनं झाड?" बाबांनी भर उन्हाळ्यात ते छाटलं. कलम धरलं नाही. झाड मुळापर्यंत वाळलं.

आई परतली. पिशवी खाली न ठेवताच मागच्या दारात उभी राहिली. मग म्हणाली, "हात धुवा. वाढते." पुढे कितीतरी दिवस ती बाबांशी एवढंच बोलायची: वाढू का, पुरे का.

कलमांचा हंगाम आला तसे बाबा मला घेऊन निवांतकाकांच्या कुंपणाशी गेले.

"तू माग."

"काय मागू?"

"काडी. त्या फुटव्याची."

काकांनी खाटेवरूनच ऐकलं. "कलमवाले, आत या की! मी आळशी आहे, चावत नाही."

फुटवा माणसाच्या डोक्यावर गेला होता. बाबांचा चाकू काही केल्या सरळ चालेना. काकांनी उठून फांदी धरली. "सावकाश होऊ द्या. मला कुठं गाडी पकडायचीय?" त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बाबांना बरं वाटलं असतं.

नव्या रोपावर बांधलेलं ते कलम मात्र धरलं. पहिला पेरू पिकला तेव्हा बाबांनी तो आईपुढे ठेवला. तिनं हुंगला, कापला आणि आम्हा मुलांना वाटून टाकला.

"आणि तू?" बाबांनी विचारलं.

"गोड असेल. पण हा निवांतकाकांच्या घरचा आहे."

जुनी झाडं सगळी बियांपासून वाढलेली. घरागणिक पेरूचा वास वेगळा. कलम करणाऱ्याला हे ठाऊक नसेल का? तिला कळणार नाही, एवढीच बाबांना आशा होती. ते मान खाली घालून उठून गेले.

मग बाबा दारोदार सांगत फिरले, "एक तरी फुटवा राहू द्या." लोक म्हणत, "काय हो, निवांतकाकांचे चेले झालात?" थोड्याच घरांनी ऐकलं.

कंपनीला काही वर्षांत दुसऱ्या देशात स्वस्त पेरू मिळाला, ती गेली. निवांतकाका त्याच खाटेवर गेले; त्यांचं झाड अजून फळतं. आईनं जन्मात पुन्हा पेरू खाल्ला नाही. मी आजही कुठल्या झाडाचा फुटवा खुडत नाही, आणि माझं ते हसणं माझ्या कानांतून जात नाही.

बाबा शेवटपर्यंत मागच्या दारानं घरात आले नाहीत.