मनोऱ्यातली तडकलेली घंटा

मित्रांनो, मी चर्चच्या मनोऱ्यातली एक जुनी घंटा आहे. गळा मोठा, म्हणून बोलतेही ठणठणीत. रागावू नका हं!

एका ओतारीदादाने मला घडवले. वितळलेले तांबे आणि कथील साच्यात ओतताना त्याच्या भुवया होरपळल्या. पण माझा पहिला टोल ऐकून स्वारी चक्क नाचली. "काय गोड आवाज!" असे लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

मला वाजवायचे घंटावाले काका. माणूस मायाळू, पण अंगमेहनतीचा भारी कंटाळा. मला जोडलेल्या मोठ्या चाकाचा दोर ओढून मला झुलवायला दम लागतो. काकांनी दोर सरळ माझ्या लोळीलाच, म्हणजे आतल्या लोंबत्या दांड्याला बांधला. बसल्या बसल्या हिसका दिला की टोल! लोळी सारखी एकाच जागी आपटू लागली आणि एका रविवारी मला तडा गेला.

काकांनी गुपचूप दोर पुन्हा चाकाला बांधला. लोक म्हणाले, "ओतकामच कच्चं!" बिचाऱ्या ओतारीदादाला कोणी काम देईना. काका मूग गिळून गप्प. मात्र प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायची वेळ झाली की ते उठून माझ्यापाशी येत आणि पुटपुटत, "मी पापी. कुठल्या तोंडाने भाकर घेऊ?" मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

एकदा पाळकसाहेब त्यांच्यामागून जिना चढून आले. काकांना रडू फुटले. त्यांनी सगळे सांगून टाकले.

पाळकसाहेब म्हणाले, "काका, आपण सुधारल्यावर येशूने जीव दिला का? पापात होतो तेव्हाच दिला ना! चला खाली. ओतारीदादाही बसलाय, त्याच्यासमोर बोला."

काका सगळ्यांदेखत बोलले. ओतारीदादा लालबुंद झाला.

"फार चिडलोय मी, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण प्रभूने मला जवळ केलं, तेव्हा मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो?" त्याने पाळकसाहेबांकडून भाकरीचे ताट घेऊन काकांपुढे धरले. "घ्या काका. मागे रांग खोळंबलीय!"

काका रडत रडत हसले.

पुढे ओतारीदादाने मला वितळवून त्याच धातूतून पुन्हा ओतले. भट्टीचा भाता काकांनीच ओढला. आता मी मजेत आहे.

मित्रांनो, चूक लपवू नका. ती भलत्याच्याच माथी बसते. आणि कोणी चूक कबूल करायला आला, तर त्याला दारात ताटकळत ठेवू नका. आधी आत घ्या.