डोलकाठीखालचे नाणे

मित्रांनो, मी काशाचे एक जुने नाणे. रोमच्या टांकसाळीत दोन ठशांमध्ये मला धरले, वरून घण बसला आणि मी जन्मलो. एका अंगावर दोन तोंडांचा देव यानुस उमटला, दुसऱ्या अंगावर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक. पुढे शंभर वर्षे मी हातोहात फिरलो. माझ्या बदल्यात पाव आले, डाळी आल्या. खलाशी मला हवेत उडवून "तोंड की जहाज?" विचारायचे. मग नवी, चकचकीत नाणी आली आणि मी ओस्तिया बंदरात पाकिलियाच्या मडक्याच्या तळाशी पडून राहिलो. ती धक्क्यावर उकडलेले हरभरे विकायची.

त्या वर्षी तिचा भाऊ लुर्को समुद्रात बुडाला. देह मिळाला नाही. आमच्याकडे मेलेल्याच्या तोंडात नाणे ठेवतात; पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचे ते भाडे. त्यावाचून जीव ऐलतीरीच खोळंबतो. पण इथे तोंडच नव्हते.

तेव्हा ओफेलस सुतार नवे जहाज बांधत होता. डोलकाठी उभारण्याआधी, जहाजाच्या तळाशी ती ज्या खाचेत बसते तिथे एक नाणे घालायची रीत आहे. जहाज समुद्रात जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर भावाचे भाडेही पोचेल, म्हणून पाकिलियाने मला तिथे नेले.

"मेलेल्याचं नाणं माझ्या जहाजात?" ओफेलस म्हणाला. "बाई, हरभरे विक. अपशकुन नको विकूस."

"अपशकुन कसला, दादा? लुर्को तुमच्याच हाताखाली शिकला. तुम्ही दोघं माझे फुकट हरभरे खायचात, तेव्हा नाही आठवला अपशकुन?"

ओफेलसने हात पुढे केला. मला पाहून त्याचा चेहरा पडला.

"अगं, हे काय केलंस? देव पार पुसला की."

"तीन दिवस वाळू आणि आंबट शिरक्याने घासलं. भावाच्या हाती मळकं कसं देऊ?"

"पुसलेलं नाणं डोलकाठीखाली चालत नाही, पाकिलिया."

ती खाली बसली. ओफेलसने मला उलटे केले, बराच वेळ अंगठा फिरवला.

"नाळ शिल्लक आहे," तो म्हणाला. "नावाड्याला जहाज कळेल. एवढं पुरे."

त्याने मला खाचेत ठेवले. पाकिलियाने वाकून त्या खाचेत, देह न मिळालेल्याला निरोप देताना मारतात तशा, भावाला नावाने तीन हाका मारल्या. मग वरून डोलकाठी उतरली.

मित्रांनो, जुने काही हाती आले तर मायेपोटीसुद्धा खसाखसा घासू नका. माझ्यावर आता हिरवा थर चढला आहे. त्याखाली ती नाळ अजून आहे आणि लुर्कोचे भाडे तिच्याच जोरावर भागले आहे.