गेमच्या धुनेचा शेवट

गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर रत्नपाल रामटेके यांच्या पंचशील ब्रास बँडची तालमीची खोली होती. दोन हजार एक साली तिच्याच खालच्या गाळ्यात उमेंद्र बिसेननं व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. चार टी.व्ही., चार खोकी, आणि कॅसेटवर नऊशे नव्याण्णव गेम असल्याचं छापलेलं. प्रत्यक्षात सहा-सातच, पुढे तेच फिरून फिरून. तरी शाळा सुटली की गाळ्यात पाय ठेवायला जागा नसे.

लग्नसराईत बँडवाले गावोगावी असायचे, तेव्हा दुकानाचा त्रास कोणाला झाला नाही. आषाढ लागला, लग्नं थांबली आणि वर रोजची तालीम सुरू झाली, तेव्हा खालून येणारी एकच एक धून सगळ्यांच्या डोक्यात बसली. तलवारवाल्या गेमची ती धून. पोरांना तोच गेम आवडायचा, त्यामुळे दिवसभर तीच.

रत्नपाल मास्तर क्लॅरिनेट वाजवत. सिनेमाचं गाणं रेडिओवर दोनदा ऐकलं की तिसऱ्या दिवशी ते बँडवर आलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. त्या दिवशी नवं गाणं बसवत होते, आणि गाण्याच्या मध्यातच दुधरामचा ट्रम्पेट घसरला तो थेट त्या गेमच्या धुनेवर गेला. बाकीचे हसू लागले. मास्तरांनी हात वर करून तालीम थांबवली.

"दुधराम, हे का वाजवून राहिला गा?"

"मी नाही वाजवून राहिलो मास्तर. तोंडात तेच येऊन राहिलं, मी का करू?"

मास्तर तरातरा जिना उतरून खाली गेले. उमेंद्रला चार शब्द सुनवायचे, असं ठरवूनच गेले. पण उमेंद्र धानाच्या रोवणीसाठी मुर्री गावी शेतावर गेला होता. शाळेची वेळ होती म्हणून गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावर त्याची बायको सोनिका होती, म्हणजे असायला हवी होती, ती टी.व्ही.पुढे स्टुलावर बसून स्वतःच तलवार चालवत होती. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. मास्तरांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सावरला, पण हातातलं रिमोट काही सोडलं नाही.

"या मास्तरजी. थोडं थांबा, नाही तं मरीन मी."

मास्तर थांबले. भांडायला आलेला माणूस दुसऱ्याचं मरण टळायची वाट पाहत उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्यांनी पहिल्यांदा ती धून नीट ऐकली. वरून ती नुसती किरकिर वाटायची. इथं तिचे सूर सुटे सुटे कानावर आले. एक सूर धून धरून चाललेला. दुसरा त्याच्या आजूबाजूनं पळणारा. तिसरा खाली, जड पावलांनी चालणारा. आणि ढोलाच्या जागी नुसतं खस्स खस्स. तीन जण आणि एक खसखस, एवढ्यात अख्खा बँड बसवला होता कोणीतरी.

"हे खालचं तं आपल्या सुकरामचं काम हाय," ते स्वतःशीच बोलले. सुकराम बास वाजवायचा, पोटाशी धरायचं ते मोठं पितळी वाद्य.

"का म्हणता मास्तरजी?"

"काही नाही बेटा. आवाज थोडा वाढव."

सोनिकानं आवाज वाढवला.

वर येऊन त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं सरगम उतरवली. धून दुधरामच्या ट्रम्पेटला, पळणारा सूर स्वतःच्या क्लॅरिनेटला, खालची चाल सुकरामला. खसखस साईड ड्रमवाल्या टेकचंदला दिली, काडीऐवजी बारीक काड्यांची झाडणी हातात देऊन. दुधरामला हे पटलं नाही.

"मास्तर, बारातीत लोक नाचायचं गाणं मांगतेत. टी.व्ही.च्या खेळण्यावर कोण नाचंल?"

"तू वाजव तं आधी."

वाजवली, आणि ती खुलली. तीन बारीक सुरांत कोंबलेलं सगळं चौदा माणसांत पसरलं, तशी ती अंगानं भरली. सॅक्सोफोनवाल्यांनी न सांगता मधल्या जागा भरल्या. खालच्या गाळ्यातली पोरं खेळ सोडून जिन्यात येऊन बसली. दुधरामनं मग स्वतःच ती पुन्हा उचलली.

अडचण दुसरीच निघाली. धून संपतच नव्हती. शेवटच्या सुरावरून ती अशी काही वळायची की पुन्हा पहिला सूर आल्याशिवाय राहायचा नाही. बँड फिरत राही आणि शेवटी कोणाचा तरी दम सुटला की एकेक जण गळून पडे. मास्तर पुन्हा खाली गेले. आता ते जाताना चपलाही घालत नसत.

"बेटा, याचा शेवट कसा होते?"

"शेवट नाही होत मास्तरजी. माणूस मरते तेव्हा बंद होते. मंग असं वाजते," म्हणत सोनिकानं तलवारवाल्याला मुद्दाम खड्ड्यात ढकललं. टूं, टूं, टूंऽऽ. खाली उतरत जाणारे तीन सूर.

"लग्नात हे वाजवलं तं नवरदेवाचा बाप मले मारंल."

सोनिका हसली. मग विचार करून म्हणाली, "गेम पुरा झाल्यावर वेगळं काही वाजत असंल. पर पुरा कोणी केलाच नाही अजून. पाचव्या गुहेत राक्षस हाय, त्याच्यापुढं कोणी नाही गेलं."

"तू कुठवर गेली?"

"चौथी."

"मंग जा ना पाचवीत."

ती गोष्ट तिनं मनावर घेतली. घरी सासू जमुनाबाई, रांधणं-वाढणं, जावा-नणंदा. दुकानात मात्र दुपारचे काही तास तिचे स्वतःचे होते. त्या खोक्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईन गेली की पहिल्या गुहेपासून पुन्हा. आणि लाईन तर रोजच जायची. कधी ती चौथ्या गुहेत असताना जाई, कधी पाचवीच्या दारात. वरून सुकराम ओरडून विचारी, "गेली का व?" आणि खालून तिचा आवाज येई, "गेली!"

उमेंद्र सुरुवातीला वैतागला. "गिऱ्हाईक उभं हाय आणि मालकीण खेळून राहिली. दुकान मी कायले टाकलं?" पण पोरं आपला खेळ सोडून तिचा खेळ पाहायला बसू लागली, तेव्हा तो गप्प झाला. मग एके दिवशी त्यानंच कुठून तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून त्या टी.व्ही.ला जोडून दिला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी भर दुपारी सोनिका पाचव्या गुहेत शिरली आणि टिकली. बातमी वर पोचली तशी तालीम मोडली. सगळा बँड वाद्यांसह खाली आला. मास्तर तिच्या मागेच उभे राहिले, कान पुढे करून. राक्षस मोठा होता, अर्धा पडदा व्यापणारा. सोनिकाच्या कपाळावरचा घाम उमेंद्रनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला, सगळ्यांच्या देखत, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. राक्षस लाल झाला, पांढरा झाला आणि कोसळला.

पडदा काळा झाला. कोणाला वाचता येणार नाहीत अशा लिपीत दोन ओळी आल्या.

मग पहिली गुहा आली. तोच तलवारवाला, तीच धून, पहिल्या सुरापासून.

आधी दुधराम हसला, मग बाकीचे. सोनिका हसली नाही. तिनं रिमोट खाली ठेवलं. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी..." आणि तिचे डोळे भरून आले, तसं हसणं थांबलं.

"तू जिंकली ना बेटा," मास्तर म्हणाले.

"जिंकून का फायदा? शेवट तं नाही भेटला तुमाले." तिनं नाक ओढलं. "गेम बनवणाऱ्याइनं नाही केला तं तुमीच करा ना आता."

"मी?"

"मंग कोण? मले थोडी वाजवता येते."

मास्तर वर आले आणि फळ्यापुढे बसले. त्यांचे वडील बँडमध्ये होते, ते स्वतः विशीत मास्तर झाले, हजारो वराती त्यांनी मांडवापर्यंत पोचवल्या. पण आजवर जे वाजवलं ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं. स्वतःचा असा एक सूर त्यांनी कुठं जोडला नव्हता. कोणी जोडायला सांगितलंही नव्हतं. त्यांनी चार ओळी लिहिल्या. एकीत कुठल्यातरी सिनेमाचं गाणं डोकावलं, दुसरीत शाळेच्या कवायतीचा बँड. पुसल्या. दोन-तीन दिवस हेच चाललं. दुधरामनं सुचवलं, "नुसता ढोल बडवून बंद करू." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

घरी जेवताना ते बोटांनी ताटाच्या कडेवर वाजवत होते. त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, भाजी वाढता वाढता विचारलं, "का अडलं इतकं?"

त्यांनी गुणगुणून दाखवलं. एक सूर असा जाते, दुसरा असा, तिसरा खालून. अन्नपूर्णाबाई बुद्धविहारात वंदनेला रोज गात; सुराचा कान त्यांना होता. त्यांनी तिन्ही ऐकले, आणि म्हणाल्या, "हे तिघं एकामेकाले भेटतच नाहीत काय?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. खरंच, त्या धुनेत तीन सूर एका जागी कधीच येत नव्हते. एक पोचला की दुसरा निघालेला असे. म्हणून ती थांबत नव्हती. सकाळी त्यांनी चार ओळी लिहिल्या त्या या बोलण्यावर. ट्रम्पेट हळूहळू खाली येतो, बास पायरी पायरीनं वर चढतो, क्लॅरिनेटचं पळणं मंदावतं, आणि तिघं एकाच सा वर येऊन उभे राहतात. त्यावर सगळा बँड एकदाच, भरदार. बस. लिहून झाल्यावर ते कितीतरी वेळ फळ्याकडे बघत बसले. हे आपण केलं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं, आणि ते कोणाला सांगायची लाजही वाटत होती.

पुढच्या वैशाखात उमेंद्रच्या धाकट्या भावाचं, टिकेशचं लग्न निघालं. वरात मुर्रीहून चोरखमाऱ्याकडच्या एका गावी जायची होती. बँड अर्थात पंचशीलचा. टिकेशचे वडील परसराम बिसेन आधी कुरकुरले. "नवरदेवापुढं टी.व्ही.चा खेळ वाजवता का रे?" पण सोनिकानं सासऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, ते नंतर तयार झाले.

कालव्याच्या कडेनं वरात गावात शिरली, तेव्हा ऊन कलत होतं. दोन-तीन नेहमीची गाणी झाली आणि मास्तरांनी खूण केली. टेकचंदची झाडणी सरसरली, सुकरामचा बास चालू लागला, आणि दुधरामनं धून उचलली. गावातल्या पोरांनी ती लगेच ओळखली. गेमची खोकी तिथंही पोचली होती. पोरं तलवारवाल्यासारखी उड्या मारत पुढे आली. त्यांना पाहून वऱ्हाडी नाचू लागले. एका म्हाताऱ्यानं दुधरामला कोपरानं ढोसून विचारलं, "कोन्त्या पिच्चरचं व्हय गा?" तोंडात ट्रम्पेट असल्यानं दुधरामला काही सांगता आलं नाही.

मास्तर शेवटाकडे वळायला गेले की नाचणारे ओरडत, "और! और!" आणि धून पुन्हा वळसा घेई. एकदा, दोनदा, पाचदा. मांडव दिसू लागला तरी तेच. टिकेशचे मित्र घामाघूम होऊन रस्त्यावर लोळत होते. मास्तरांचा चेहरा उतरला. लोकांना आवडलं होतं, यापेक्षा जास्त बँडवाल्याला काय हवं. पण त्यांच्या त्या चार ओळी तशाच राहणार होत्या.

सोनिका करवल्यांच्या घोळक्यात होती. तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि सरळ नाचणाऱ्यांच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

"थांबा सगळे! नाचणं बंद करा."

"काऊन वहिनी?" टिकेशचा एक मित्र धापा टाकत म्हणाला.

"शेवट ऐकाचा हाय. चूप राहून ऐका."

बिसेनांची सून भर रस्त्यात असं बोलते म्हटल्यावर लोक थांबलेच. मास्तरांनी मान हलवली. ट्रम्पेट उतरला, बास चढला. क्लॅरिनेटचं पळणं मंद झालं. तिघं सा वर आले. मग सगळा बँड. आणि शांतता. त्या शांततेत मुलीकडची मंडळी हार घेऊन पुढे झाली.

त्या वर्षापासून लोक पंचशीलवाल्यांकडे "तो गेमवाला बाजा" मागू लागले, तिरोड्यापासून आमगावपर्यंत. मास्तरांनी आणखी दोन गेमच्या धुना बसवल्या, त्यांचेही शेवट स्वतः केले. उमेंद्रचं दुकान मात्र पाच-सहा वर्षांतच बंद पडलं. पोरांच्या हातात मोबाईल आले, तेव्हा त्यानं त्याच गाळ्यात मोबाईल दुरुस्ती आणि झेरॉक्स सुरू केलं. कॉम्प्युटर सोनिका चालवायची.

दोन हजार बाराच्या पावसाळ्यात तिनं एकदा जिन्यातून हाक मारली. मास्तरांचे पुढचे दात तोवर गेले होते. क्लॅरिनेट सोडून ते आता नुसते हातानं बँड चालवत. ते सावकाश खाली आले. कॉम्प्युटरवर कुठल्याशा परदेशातलं मोठं सभागृह होतं. काळ्या कोटातली शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसली होती, व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा, मागं पितळी वाद्यं. आणि ती वाजवत होती गेमची धून. त्यांची तलवारवाली नव्हे, दुसऱ्याच कुठल्या गेमची, पण गेमचीच.

मास्तर स्टुलावर बसले.

"लोक तिकीट काढून येतेत म्हणे याले," सोनिका म्हणाली. "मले वाटलं तुमीच केलं हे फक्त."

"मले बी तसंच वाटत होतं," मास्तर म्हणाले. वाईट वाटल्यासारखं नाही, उलट एखादा दूरचा नातेवाईक अचानक सापडावा तसं. "आणखी एकदा लाव."

दुसऱ्यांदा ते पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून पुढे सरकले. उभी धरायची ती मोठाली व्हायोलिनं तिथं ओळीनं होती. "हे पाय बेटा. खालच्या सुरावर किती माणसं लावली याइनं. आणि आपला सुकराम एकटाच दमून राहिला."

त्याच आठवड्यात त्यांनी आमगावला निरोप पाठवला. तिथल्या एका मोडलेल्या बँडमधला खुशाल नावाचा बास वाजवणारा घरी बसून होता. तो आला, आणि तालमीत सुकरामच्या शेजारी त्याची खुर्ची मांडली गेली. सुकराम आधी थोडा रुसला, मग दोघांनी मिळून ती चाल वाजवली, तेव्हा खाली झेरॉक्सच्या काचेवर ठेवलेला सोनिकाचा चहाचा कप थरथरला.