डावखुरी मुरड

सुज्ञ वाचकहो, जमैका बेटावरील उसाच्या एका मळ्यात गुलामीत आयुष्य कंठलेल्या बेनेबा नामक कुंभारणीची हकिगत मी येथे यथामती निवेदन करीत आहे.

रविवारच्या बाजारात डॉर्कास फेरीवालीच्या पाटीपुढे बेनेबा खिळून उभी होती. हातात एक तांबूस वाडगे होते. त्याच्या काठाची मुरड तिच्याच घराण्याची, मात्र डावीकडे झुकलेली. तशी मुरड एकट्या जुबाची. बेनेबाच्या डावखुऱ्या लेकीची. मालकाने तिला विकल्यास अकरा वर्षे लोटली होती.

"कुठनं आणलंस गं हे?"

"वा गं वा! तुला ठिकाण सांगू, आणि मी बसू माश्या मारत?"

"मी कुठं जाणार बाई? तू सुटलीस, मोकळी फिरतेस. मी या बाजारापल्याड पाऊल टाकलं की पाठीवर चाबूक."

डॉर्कास वरमली. "कफी तांडेलाकडनं घेतलं. दक्षिण किनाऱ्यानं मळोमळी फिरतं त्याचं गलबत. का गं?"

"माझ्या जुबानं केलंय."

"मातीवर नाव लिहिलंय होय?"

"पोटच्या पोरीचा हात कळत नाही होय मला?"

त्यानंतर तीन आठवडे, उसाच्या कामातून उरलेल्या वेळात, बेनेबाने एक वाडगे घडविले. अर्ध्या काठाला उजवी मुरड, अर्ध्याला डावी. दोन्ही एकमेकींना टेकलेल्या. ते तिने डॉर्कासच्या स्वाधीन केले.

"विकू नकोस हं. जिथनं जुबाचं वाडगं आलं, तिथंच हे धाड म्हणावं कफीला. जुबा काय ते समजेल."

पुढील महिन्यात डॉर्कास कोनफळे व खारवलेला मासा घेऊन आली.

"तुझा वाटा घे. कफी म्हणाला, चार मळ्यांची मडकी एकत्र भरतो, कुठलं कुठलं ते कोण ध्यानात ठेवतो? मग मीच तुझं वाडगं एका बाईला विकून टाकलं गं. भारी आवडलं तिला!"

बेनेबाने तो वाटा बाजूला सारला.

"त्याच्या गलबतात मडकी किती मावतात?"

"ढीगभर. का?"

"तसलीच करते. सगळ्या मळ्यांत एकेक पोचेल एवढी."

"अगं, म्हातारी होशील!"

"ती तर मी तशीही होणारच आहे."

मासा तेथेच राहिला. बेनेबा रिकामी टोपली घेऊन माती खणावयास निघाली.

आपण ही साधी हकिगत ममत्वाने वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
एझकिएल पिनॉक