शिवेवरचं मडकं

देवराम पाटलाला सगळं जमायचं, एक हळू बोलणं सोडून. बायकोच्या कानात काही सांगायचं म्हटलं तरी ते शेजारच्या गोठ्यातल्या बैलांना आधी कळायचं. अशा माणसाकडे मुरबाडहून आलेल्या साथीच्या डॉक्टरने गुपचूप चौकशीचं काम दिलं, हा डॉक्टरचा भोळेपणा. बिचारा नवा होता.

साल अडतीसचं, पौष महिना. म्हसाची जत्रा भरात होती आणि वैशाखऱ्यालगतच्या या वाडीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती. वाडीत अजून कुणी दगावलं नव्हतं, पण पलीकडच्या पाड्यावर एक म्हातारा गेला होता. डॉक्टर म्हणाला, "पाटील, ही साथ जत्रेतल्या पाण्यातून आलीय. जत्रा अजून आठवडाभर चालेल. सगळेच पाणवठे बंद केले तर गुरं आणि माणसं तहानेनं मरतील. आजाऱ्यांनी तिथं कुठलं पाणी प्यायलं तेवढं शोधून काढा. पण एकेकाला बाजूला घेऊन, हं."

पाटलाने मान डोलावली आणि सरळ दवंडी पिटवली.

सगळी वाडी चावडीपुढे जमली. पाटील कट्ट्यावर उभा राहून गरजला, "लडकू! तुजं पोट बिघडलंय. जत्रंत काय प्यालास, सांग सगळ्यांम्होरं!"

लडकू साधा माणूस. त्याने खरं सांगितलं. "जैतूच्या खोपटात बसलो व्हतो, पाटील. पाणी नाय प्यालो. दुसरंच प्यालो."

लडकूने दारू सोडल्याला वर्ष झालं होतं, निदान त्याची बायको तानी तसं समजत होती. पुढे काय झालं ते सांगायला नको. तानीच्या हातात केरसुणी होती आणि लडकूच्या अंगात पळायची ताकद नव्हती. एवढं बघितल्यावर वाडीच्या तोंडाला कुलूप लागलं. बारकू म्हणाला, "आमी जत्रंला गेलोच नाय." राही म्हणाली, "म्हसा कुटल्या अंगाला हाय तेबी मना ठावं नाय." हे सांगताना तिच्या दोन्ही हातांत नव्या कोऱ्या बांगड्या वाजत होत्या. बारकूच्या गोठ्यात कालच आलेला खोंड हंबरत होता, आणि वाडीतलं झाडून प्रत्येक पोर जत्रेतली पिपाणी फुंकत होतं.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "म्हणजे पटकी एकटीच चालत आली म्हणायची!"

हसला नाही तो एकटा पाटील. गेल्या तीन दिवसांपासून पाटील स्वतःच टमरेल घेऊन वेळीअवेळी बांबूच्या बेटाकडे धावत होता आणि घरी 'बांध बघून येतो' असं सांगत होता.

त्याचं असं होतं. पाटलाचा धाकटा भाऊ कान्हा. बांधावरच्या फणसावरून दोघांचं वाजलं, ते इतकं की पाटलाने दवंडी पिटून भावाचं पाणी तोडलं. आपण कान्ह्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आपल्या माणसांनी प्यायचं नाही, आणि पाटलाचा मान ठेवायचा असेल तर वाडीनेही प्यायचं नाही. घरात गिरजा, म्हणजे पाटलीणबाई, जावेचं नुसतं नाव निघालं तरी फणकारायची. मात्र दर पौषात कान्हा बैल विकायला म्हसाला जाई, गर्दीपासून लांब आंब्याखालच्या बावीशी गाडी सोडी, आणि पाटील काट्याकुट्यांतून चोरासारखा तिथं जाई. बाव म्हणजे लहानशी विहीर. तिचं पाणी कान्हा शेंदायचा, एकाच तांब्यातून दोघे भाऊ प्यायचे आणि फणस सोडून बाकी सगळं बोलायचे. पाटलाला वर्षभर त्या तांब्याची ओढ असायची, हे त्याने देवालाही सांगितलं नसतं.

कान्हा आणि त्याची बायको बाईजा अजून तिथंच होते, तेच पाणी पीत. पाणी खराब असेल तर भाऊ हातचा जाणार. आणि तोंड उघडावं तर दवंडी पिटून लादलेली आण आपणच मोडली, हे गिरजेला आणि वाडीला कळणार. पाटील डॉक्टरला बाजूला घेऊन कुजबुजायला गेला. "त्या बावीचं..." एवढं म्हणेपर्यंत समोरच्या ओटीवरच्या तीन बाया वळून बघायला लागल्या. पाटलाने वाक्य गिळलं.

वाट काढली ती गोजर म्हातारीने. तिने अशा साथी पुष्कळ पाहिल्या होत्या. साथ आली की वाडीच्या शिवेवर मरीआईच्या नावाने मडकं ठेवायचं, घरटी चिमूटभर दाणे त्यात टाकायचे, ही तिथली जुनी रीत. टाकताना हात पदराखाली किंवा घोंगडीखाली. कुणी काय टाकलं ते आईनं बघायचं, माणसानं नाय.

"तसंच करा," गोजर म्हणाली. "ज्याचं पोट बिघडलंय त्यानंच टाकायचं. देवळाम्होरच्या हिरीचं प्याला त्यानं तांदूळ. नदीचं प्याला त्यानं वरी. जैतूच्या खोपटातलं प्याला त्यानं उडीद." मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता, "आनी आंब्याखालच्या बावीचं प्याला त्यानं नागली."

आंब्याखाली कुणाची गाडी असते ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी वाडी एकदम आपापल्या पायांची बोटं बघू लागली.

डॉक्टर खूश झाला. "मला विहीर हवी, माणूस नको," तो म्हणाला. "मडकं एकदाच उघडायचं आणि दाणे पाखरांना घालायचे. त्यानंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. पाटील, तुम्ही पहाऱ्याला, पण पाठ फिरवून."

उभ्या हयातीत पाटलाला कुणी पाठ फिरवायला सांगितलं नव्हतं. पण तो कबूल झाला. मडकं शिवेवर ठेवता ठेवताच त्याने आपली चिमूट आत सोडली. ती नागली त्याने लडकूच्या कणगीतून आणली होती, बियाणं बघतो असं सांगून. आपल्या घरची नागली ओळखू येते हे त्याला ठाऊक होतं. त्याची आई नागलीत निरगुडीचा पाला घालून ठेवायची, कीड लागू नये म्हणून. ती रीत वाडीत दोनच घरांत होती: पाटलाच्या आणि कान्ह्याच्या.

मग पाटील पाठ फिरवून उभा राहिला. मागे पावलं येत होती, जात होती. एकदा ओळखीच्या जोडव्यांचा आवाज आल्यासारखं वाटलं. गिरजा आईला हात जोडायला आली असेल, त्याने मनाला समजावलं. गिरजा तर जत्रेला गेलीच नव्हती. ती शहापूरला मावशीकडे गेली होती. दर पौषात जायची.

ऊन उतरल्यावर डॉक्टरने घोंगडीवर मडकं उपडं केलं. चार दाणे तांदूळ, चिमूटभर उडीद, आणि बाकी सगळी नागली. ढीगच पडला. पाटील बघतच राहिला. म्हणजे बारकू, राही, सगळेच त्याचा मान गुंडाळून ठेवून कान्ह्याच्या गाडीशी गेले होते! तो संतापायच्या बेतात होता, इतक्यात त्याला ढिगात हिरवट चुरा दिसला. निरगुडीचा. कान्ह्याच्या घराला तर जत्रेपासून कुलूप होतं.

म्हणजे ही चिमूट आपल्याच घरची! दर पौषातली ती शहापूरची मावशी! आणि ही गेले तीन दिवस 'गोवऱ्या बघून येते' म्हणत उकिरड्याकडे पळत होती ती!

डॉक्टरचा शिपाई कोंडू वाकून म्हणाला, "ह्यात पाला कसला हो, पाटील? असा पाला तर..."

"हात लावू नको!" पाटील असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. त्याने दोन्ही हात ढिगात घातले आणि सगळं कालवून टाकलं, पाला, नागली, तांदूळ, सगळं, आणि मुठी भरभरून शेतात उधळलं. "डॉक्टर, हीर कळली ना? मंग घोड्यावर मानूस धाडा, आंदी बाव बंद करा. तितं मानसं हायत!"

बाव त्याच संध्याकाळी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी कान्ह्याची गाडी वाडीत शिरली. बाईजा गाडीत आडवी होती, सुकलेली, पण डोळे उघडे. कान्हा पोटाला पंचा घट्ट बांधून बैल हाकत होता. पाटील अंगणात उभा होता. त्याच्या मनात आलं, दर साली मी जातो, ही जाते, सगळी वाडी जाते, आणि या माणसाने एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. ज्याचं पाणी तोडलं, त्यानंच सगळ्यांची अब्रू राखली. पाटलाचे डोळे भरून आले. त्याने ते भरू दिले.

"गिरजे, पानी आन," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाला.

गिरजा दारातच उभी होती, दोन तांबे भरून. तिने एक जावेच्या तोंडाला लावला. दुसरा पाटलाने घेतला आणि भावापुढे धरला.

कान्ह्याने तांब्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग भावाकडे. "दादा, तुज्या घरचं पानी मना चालंल?"

"उकळलेलं हाय," पाटील म्हणाला. "डॉक्टर सांगून गेलाय, उकळलेलं पानी कुनाच्याबी घरचं चालतं."

कान्हा अर्धा तांब्या प्याला आणि उरलेला त्याने भावाला दिला. पाटलाने गिरजेकडे बघितलं, गिरजेने पाटलाकडे. विचारायला दोघांकडे पुष्कळ होतं. दोघांनीही विचारलं नाही. मग पाटील पाणी प्याला आणि बैल सोडायला गेला.