म्हशीनं दूध कमी केलंय

मारुतरावांनी तुरीच्या काडीने गव्हाणीच्या कडेचा पांढरा थर खरवडला आणि पेपरच्या कपट्यावर झेलला. श्वास रोखलेलाच होता. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डुकरांच्या या शेडची कडी काढली होती, आणि काढण्याआधी गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारली होती. माळेला तरी दिसायला नको.

खणातली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर रेलून झोपली होती. इकडच्या खणात नऊ, पलीकडच्यात आठ. आईपासून तोडून आज नववा दिवस. अंगं गुलाबी, पोटं भरलेली, आणि एकाचीही शेपटी मागून माखलेली नव्हती. मारुतरावांना त्या जनावरातलं काही कळत नव्हतं, पण मुलाने, विक्रमने, कंपनीच्या बसला जाता जाता बजावून ठेवलं होतं.

"आबा, दूध तुटलं की आठ-धा दिसांत हगवण लागतीच. मागच्या खेपेला बघितलं न्हवं? ह्या खेपेला एक पिल्लू बी आजारी न्हाई. म्हंजी बानूबाई चोरून औषध घालती खाद्यात. तुम्ही दिसभर घरी असता, जरा नजर ठेवा."

पुण्याचा नवा खरेदीदार औषधाच्या खाद्यावर वाढवलेलं जनावर घेत नव्हता. शनिवारी त्याचा डॉक्टर येणार होता, खाद्याचा आणि पिल्लांच्या रक्ताचा नमुना न्यायला. नमुन्यात औषध निघालं तर शेड बंद करायची वेळ येणार होती. म्हणून शनिवारच्या आतच बानूबाईला काढून टाकायचं, असं विक्रमच्या मनाने घेतलं होतं. फक्त आबांनी एकदा सांगायचा अवकाश. आज गुरुवार.

मारुतरावांनी कपट्याची पुडी बांधली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आबा? तुम्ही? आन् हितं?"

बानूबाई डोक्यावर गोणी घेऊन दारात उभी होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली धनगरीण. तिच्या सासऱ्यापर्यंत सगळी मेंढरामागं हिंडली. ती आणि तिचा नवरा मात्र कारेगावला स्थिरावले. नवरा गेला, मेंढरं गेली, आणि चार वर्षांपूर्वी ती या शेडवर आली.

"आलो आपलं," मारुतराव म्हणाले. पुडी मुठीत होती. "गोणीत काय हाय?"

"तूस."

"मल्हारनं आणून दिलं का? काल गाडीवरनं आला हुता न्हवं?"

मल्हार तिचा मुलगा, दौंडकडच्या एका पोल्ट्रीवर कामाला. विक्रमचा सगळा संशय त्या पोल्ट्रीवर होता. तिथे कसल्या कसल्या पावडरी असतात, हे त्याला ठाऊक होतं.

बानूबाईने गोणी उतरवली, तोंडाची सुतळी ओढली आणि गोणी तशीच खणात उपडी केली. भाताचं कोरडं, सोनेरी तूस भसाभस सांडलं. पिल्लं दचकून उठली, फुरफुरली आणि लगेच त्यात तोंडं खुपसून लोळू लागली.

"बघा. हाताला लागतंय का काय औषध."

"तसं न्हाई. पण पोल्ट्रीत पुड्या बी असत्यात म्हणं."

"असत्यात की. पोल्ट्रीत साप बी निघत्यात. म्हणून काय ल्योक आईला साप आणून दील?"

मारुतरावांना हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग त्यांना पलीकडची फरशीची नवी खोली दिसली. विक्रमने ती खास दूध तुटलेल्या पिल्लांसाठी बांधली होती. तिथे पिल्लं नव्हती. तिथे दोन्ही डुकरिणी पसरल्या होत्या.

"ह्या हितं कशा? विक्रमनं भिंतीला लावलेल्या तक्त्यात तर पिल्लं हलवायची लिहिलंय."

"तक्त्याला काय जातंय?" बानूबाई तूस हाताने सारखं करत म्हणाली. "आबा, मेंढरात आमी कोकरू तोडायचो तवा आईला दुसऱ्या रानात न्यायचो. कोकरू आपलं हाय त्याच वाड्यात, त्याच वासात. आई गेली ह्येच त्याला लई झालं. त्यात जागा बी गेली, वरनं दुसऱ्याची पोरं आणून कोंबली, तर त्याचं पोट धरंल का? पोट भ्यालं की हगतं. माणसाचं बी तसंच हाय."

"आन् खाद्य?"

"थोडं थोडं. पाच येळा. एकदम पुढ्यात वतलं की अधाश्यागत खात्यात आन् मरत्यात."

सगळं बरोबर वाटत होतं, आणि म्हणूनच मारुतरावांचा संशय हलेना. त्यांनी मूठ उघडली.

"मग ह्ये पांढरं काय गव्हाणीला?"

बानूबाईचे हात थांबले. तिने पुडीकडे पाहिलं, मग पिल्लांकडे, मग बाहेर उन्हात.

"ते औषध न्हवं."

"मग काय?"

"ते सांगता यायचं न्हाई, आबा. मी शबुद दिलाय."

"कुणाला?"

"नाव सांगितलं तर शबुद कसला ऱ्हायला?"

एवढं बोलून ती फडा घेऊन गोठाण झाडायला निघून गेली. घाईने नाही. पण पाठ फिरवून.

मारुतराव घरी आले ते थेट न्हाणीत. दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं, माळ सदऱ्याबाहेर काढली. पुडीचं काय करावं, हा प्रश्न उरला. घरात ठेवता येत नव्हती. शेड बांधली तेव्हा त्यांनीच दारात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ह्या घरातला दाणा तिकडं जायचा न्हाई आन् थेंब जायचा न्हाई. तिकडचं काय हिकडं यायचं न्हाई." तेव्हापासून विक्रमसुद्धा शेडचे कपडे बाहेर कडुनिंबाला टांगून घरात येत होता. शेवटी त्यांनी पुडी कोटाच्या खालच्या खिशात टाकली. विक्रम संध्याकाळी आला की परस्पर त्याच्या हातात द्यायची.

बायकोने, तुळजाबाईंनी, तांब्याभर ताक आणून ठेवलं. मारुतरावांचं पोट वाताचं, म्हणून त्यांच्या ताकात भाजून चुरडलेला ओवा असायचाच. त्यांनी दोन घोट घेतले.

"पातळ लागतंय. चार-पाच दिस झालं, बघतोय."

"म्हशीनं दूध कमी केलंय."

"एवढी पेंड खाऊन?"

"तिला इचारा," तुळजाबाई म्हणाल्या. मग ताट पुसता पुसता, वर न बघता, "शेडात गेला हुता म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"गाव आंधळं न्हाई. काय घावलं?"

"पांढरं काय तरी घालती खाद्यात. इचारलं तर सांगंना. कुणाला तरी शबुद दिलाय म्हणती. मी विक्रमला सांगून टाकतो, काढ म्हणून."

तुळजाबाईंनी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

"चैतात अकरा पिल्लं गेली तवा तीच रडत हुती," त्या म्हणाल्या. "आन् आपला विक्रम. बांधाला खड्डा काढताना मी दारातनं बघितलं त्याला. तुम्ही पारायणाला बसला हुता."

मारुतरावांनी उरलेलं ताक पिऊन टाकलं.

गावात सप्ता चालू होता. निम्मं गाव रांजणगावच्या कंपन्यांत रात्रपाळीला जाणारं, म्हणून कीर्तन पाच ते सात ठेवलेलं. मारुतराव वीस वर्षांचे टाळकरी. कीर्तनकार कुठल्याही गावचे असोत, डाव्या हाताची पहिली जागा त्यांची. त्या जागेवर उभं राहिलं की त्यांना कशाचीच भूक उरत नसे. आज मात्र मांडवात शिरतानाच शेजारच्या हौशीरामने कोपर मारलं.

"मारुतराव, डुकराच्या दारात उभं हुता म्हणं! माळ उतरवली का माळंला बी नेली?"

"बघायला गेलो हुतो."

"बघा बघा. आमच्यासाठी बी एखादं बघून ठेवा."

मागचे दोघे-तिघे हसले. मारुतरावांनी टाळ हातात घेतले. खिशातली पुडी मांडीला लागत होती, आणि आपण काय घेऊन देवापुढं उभे आहोत या विचाराने त्यांना घाम फुटला.

कीर्तनकार बुवा गोकुळात शिरले होते. घरोघर दह्यादुधाची चोरी चाललीय, गवळणी वैतागल्यात, जो तो शेजारणीवर डोळा ठेवून आहे. बुवा पदर घेतल्याचा आविर्भाव करून गवळणीच्या आवाजात म्हणाले, "अगं, मी मेली कवाडाला कडी लावून बसले, वाटेवरच्या माणसांकडं बघत बसले, आन् शिंकं मागच्या मागं रिकामं!" मांडव खदखदून हसला. हा प्रसंग मारुतरावांनी शंभरदा ऐकला होता आणि शंभरदा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. आज ते हसायचे राहून गेले.

हौशीराम बुक्क्यासाठी कपाळ पुढे करून उभा होता. मारुतरावांनी कोटाच्या खिशात डबीसाठी हात घातला, आणि डबीबरोबर पुडी वर आली. दिवसभराच्या घामाने कागद मऊ पडून उलगडला होता. आतला पांढरा चुरा बोटांना लागला. झटकायला म्हणून त्यांनी हात वर घेतला, आणि तो नाकाजवळून गेला.

आंबट. आणि आंबटामागून ओवा. भाजून चुरडलेला ओवा.

हात तसाच राहिला. बुवांनी पुढचं चरण उचललं, मृदंगावर थाप पडली, आणि डाव्या बाजूचा पहिला टाळ वाजलाच नाही.

"अवो, टाळ!" हौशीराम कुजबुजला.

मारुतराव बायकांच्या बाजूला बघत होते. तिसऱ्या ओळीत खांबाजवळ तुळजाबाईंची जागा असायची. तिथे एक रिकामं घोंगडं होतं. सप्ता बसल्यापासून त्या पंगतीच्या स्वयंपाकाला हात लावते म्हणून मधूनच उठत होत्या. पंगतीच्या चुली मांडवाच्या मागेच होत्या. मारुतरावांनी मान वळवून पाहिलं. चुलीवर चार बायका होत्या. त्यांत तुळजाबाई नव्हत्या.

त्यांनी टाळ हौशीरामच्या हातात दिले.

"कीर्तनातनं? तुम्ही?" शेडच्या बातमीपेक्षाही हौशीरामला याचं जास्त आश्चर्य वाटलं.

मारुतराव मळ्याच्या वाटेने चालत राहिले. ऊन कलतीला आलं होतं. कर्ण्यातून बुवांचा आवाज मागून येत होता, गवळणी अजून यशोदेच्या दारात भांडत होत्या. कडब्याच्या गंजीपाशी ते थांबले, कारण पलीकडून बोलणं ऐकू आलं.

तारेच्या कुंपणाच्या अलीकडे तुळजाबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, एका हातात घरची पितळी चरवी. पलीकडे बानूबाई बादली धरून. तुळजाबाई चरवी चांगली हातभर उंच धरून ताक सोडत होत्या, चरवीला बादली शिवू नये इतकी उंच. पांढरी धार वाऱ्याने जराशी वाकडी होत बादलीत पडत होती.

"आज चरवीभर आणलं का काय, वैनी?"

"आणलं. शनवारपातुर पोटं धरली पायजेत. त्या फाटक्या कानाचं कसं हाय? काल मागं ऱ्हायलं हुतं."

"आता दामटून पुढं येतंय. तुमचा आवाज वळखतंय त्ये."

"कायतरीच," तुळजाबाई म्हणाल्या, पण कुंपणावरून वाकून आत बघू लागल्या.

"वैनी, आबांनी आज धरलं मला. पुडी बांधून नेली."

"तू काय म्हणलीस?"

"शबुद दिलाय म्हणलं."

तुळजाबाईंनी चरवीच्या तळाशी राहिलेलं झटकून बादलीत पाडलं.

"तुझ्या पोटावर आलं तर मोड तो शबुद. मी निस्तरीन घरात. त्यांनी एकदा म्हणून टाकलं, दाणा न्हाई आन् थेंब न्हाई. म्हणताना माणसाला काय कळतं, थेंब कुठं लागणार हाय ते?"

आत पिल्लांना वास लागला होता. त्यांचा कालवा सुरू झाला, आणि त्यात कर्ण्याचा आवाज बुडाला.

मारुतराव गंजीच्या आडून आले तसे मागे फिरले. पाय वाजू नयेत म्हणून त्यांनी वहाणा हातात घेतल्या. वाटेत विहिरीवर थांबून त्यांनी पुडी उलगडली, कागद पाण्यात सोडला आणि बोटं धुतली. कपाळाला बुक्का लावायचा राहिला होता, तो तिथेच लावला.

दिवेलागणीला विक्रम आला. कडुनिंबाखाली हातपाय धुऊन ताटावर बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला,

"आबा, काय कळलं? काढू का उद्या बानूबाईला?"

आत चुलीपुढे उलथन्याचा आवाज थांबला.

"औषध न्हाई," मारुतराव म्हणाले.

"कशावरनं?"

"मी बघितलं. डॉक्टरला खुशाल न्हेऊ दे नमुना, पायजे तेवढा. बाई ऱ्हाऊ दे. आन् तो तुझा तक्ता खाली काढून ठेव, तिला इचारून नवा लिही."

"मग एवढी पिल्लं बिनऔषधाची धडधाकट कशी? काय तरी घालतच आसंल की."

"आसंल. जेव आता."

विक्रम वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला. तेवढ्यात तुळजाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. नेहमीसारख्या मारुतरावांच्या वाटीवर वाकल्या. मारुतरावांनी वाटीवर हात आडवा धरला.

"मला नगं."

"का? ओवा घातलाय."

"नगं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "म्हशीनं दूध कमी केलंय न्हवं."

तुळजाबाई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. थोड्या वेळाने आतून ताक परत चरवीत ओतल्याचा आवाज आला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.